मट्टनचेरीच्या वखारी

केरळमधील कोची शहराच्या मट्टनचेरी भागात ‘गुजराती रोड’ नावाचा एक रस्ता आहे. पंधरावे तीर्थंकर भगवान धर्मनाथ यांचे शुभ्र जिनालय याच रस्त्यावर उभे आहे. व्यापाराच्या निमित्ताने सौराष्ट्र-कच्छहून समुद्रमार्गे आलेल्या श्रावकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते उभारले. दुपारी बाराच्या सुमारास मंदिराच्या आवारात कबुतरांना दाणे घातले जातात. दाणे टिपण्यापूर्वी कबुतरे शिखराला तीन प्रदक्षिणा घालतात, असे तेथील लोक कौतुकाने सांगतात. दर्शनासाठी आलेला यात्रिक हे दृश्य पाहतो, प्रसन्न होतो आणि बहुधा तेथूनच परततो.

डिसेंबर ते मार्च या काळात जाणाऱ्याने मात्र थोडे पुढे चालावे. खाडीला समांतर जाणाऱ्या बाजार रोडवर जुन्या वखारींची रांग लागते. मलयाळम भाषेत अशा वखारीला ‘पांडिकशाला’ म्हणतात. जाड भिंती, कौलारू छप्पर, आतून माल आणण्यासाठी लांबच लांब बोळ आणि मागच्या दाराशी थेट पाणी, अशी त्यांची रचना असते. होडीतून उतरलेला माल मागून आत येई आणि विकलेला माल पुढून बाहेर पडे. मिरी, सुंठ, वेलदोडा, हळद आणि काथ्या यांनी या वखारी भरलेल्या असत. काही वखारींत आजही मसाल्याचा व्यापार चालतो. काही मात्र रित्या झाल्या आहेत.

त्या रित्या का झाल्या, याचे उत्तर या गावाच्या इतिहासातच आहे. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुरानंतर मुझिरिस हे प्राचीन बंदर मागे पडले आणि कोचीचे नैसर्गिक बंदर पुढे आले, असे मानले जाते. त्या पाण्यावरून अरब, ज्यू, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज आले. गोव्याकडून कोकणी बोलणारे सारस्वत आले. गुजरातमधून वैष्णव आणि जैन व्यापारी आले. विसाव्या शतकात बंदराचा मोठा व्यवहार विलिंग्डन बेटावर गेला आणि पुढे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलवर. ज्यू टाउनमध्ये १९५७ साली स्थापन झालेल्या मिरी व्यापाऱ्यांच्या संस्थेच्या सभागृहात दलाल मोठ्याने बोली पुकारून सौदे करीत. ते सौदेही कालांतराने संगणकावर गेले. माल दुसऱ्या वाटेने जाऊ लागला, आणि मालामागोमाग माणसेही.

याच वखारींत आज एक वेगळा माल येतो. १२ डिसेंबर २०१२ रोजी ‘कोची-मुझिरिस बिएनाले’ हे समकालीन कलेचे महाप्रदर्शन येथे प्रथम भरले. ‘बिएनाले’ या इटालियन शब्दाचा अर्थ दर दोन वर्षांनी होणारे. त्याचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही केरळचे सुपुत्र, पण त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात झालेले. २०१४ पासून मुख्य प्रदर्शनाच्या जोडीला ‘स्टुडंट्स बिएनाले’ भरू लागले. करोनाच्या संकटाने मध्ये मोठा खंड पडला. सहावे पर्व १२ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाले. त्याची धुरा गोव्यातील कलावंत निखिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे सोपवली गेली.

यांपैकी विद्यार्थ्यांचे प्रदर्शन सहृदय प्रवाशाने आवर्जून पाहावे. येथे नामवंतांची चित्रे नसतात. देशभरातील, विशेषतः सरकारी, कला महाविद्यालयांत तरुण क्युरेटर जातात, तेथील मुलामुलींचे काम पाहतात, त्यांच्याशी बोलतात आणि निवडलेल्या कलाकृती एका सूत्रात गुंफून या वखारींत मांडतात. क्युरेटर म्हणजे केवळ निवड करणारा परीक्षक नव्हे. कोणती कलाकृती कोणत्या भिंतीशी आणि कोणत्या शेजारात उभी राहील, हे ठरवणारा तो जाणकार असतो. महानगराची दालने ज्यांनी कधी पाहिली नाहीत, अशा कित्येक विद्यार्थ्यांना येथे प्रथमच जगभरचा प्रेक्षक लाभतो.

रंग आणि कॅनव्हास यांच्या अपेक्षेने आत शिरलेला पाहुणा मात्र क्षणभर गोंधळतो. मिश्र माध्यमाच्या या जगात चित्र भिंतीवरच टांगलेले असेल असे नाही. कुठे जुन्या लुगड्याचे तुकडे शिवून केलेला नकाशा, कुठे माती आणि कागदाचा लगदा, कुठे गंजलेले पत्रे, कुठे अंधाऱ्या खोलीत चाललेली चित्रफीत आणि सोबत कोणा आजीचा आवाज. ‘हे काय चित्र म्हणायचे?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जैन घरातील माणसाला फार दूर जावे लागत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाचे स्वरूप सांगताना स्पर्श, रस, गंध आणि वर्ण हे त्याचे गुण मानले आहेत. रूढ चित्रकलेने यांतील वर्णावर भर दिला. मिश्र माध्यमाचा कलावंत स्पर्श आणि गंधही कामाला लावतो. २०१२ च्या पहिल्याच बिएनालेत ज्येष्ठ कलावंत विवान सुंदरम यांनी पट्टणम येथील उत्खननातून निघालेल्या, टाकून दिलेल्या खापरांचे एक नगर जमिनीवर रचले होते आणि त्यात काळी मिरी वापरली होती. ‘ब्लॅक गोल्ड’ हे त्या कलाकृतीचे नाव. ज्या मिरीसाठी जग या किनाऱ्यावर आले, तीच मिरी तेथे भग्न नगरात पसरली होती. हा इतिहास केवळ तैलरंगात सांगता आला असता. पण मग साहित्य स्वतः साक्षीला उभे राहिले नसते.

येथे आणखी एक सवय उपयोगी पडते. बाजारातून आणलेल्या खाद्यपदार्थाचे पाकीट उलटून त्यातील घटक वाचण्याची शिस्त जैन घरांत लहानपणापासून लागलेली असते. कलाकृतीशेजारच्या पट्टीवरही नाव आणि वर्ष यांच्यासोबत माध्यमाची नोंद असते. तीही तशीच वाचावी. कापूस, ताग, लोखंड आणि माती यांच्या जोडीला कधी चामडे, रेशीम, हाड किंवा पीसही आढळते. अशा वेळी श्रावकाचे मन अडखळते, आणि ते अडखळणे योग्यच आहे. साहित्य कुठून आले आणि कोणाला पीडा देऊन आले, हा प्रश्न कलेला परका नाही. साहित्यालाच अर्थ असतो असे मानणाऱ्या कलावंताला तर तो टाळताच येणार नाही.

कोचीच्या किनाऱ्यावरील मासेमारीचे जाळे हे याचे उत्तम उदाहरण. फोर्ट कोचीची चिनी जाळी पाहण्यासाठी जगभरचे प्रवासी गर्दी करतात. कोळ्याला जाळे म्हणजे चरितार्थ, छायाचित्रकाराला सुंदर रेषा, इतिहासकाराला दूरदेशीच्या संबंधांचा पुरावा. आणि माशाला? अनेकांत म्हणजे सर्व मते सारखीच खरी, असा सोयीचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. अनेकांत खरे तर अधिक कष्टाची गोष्ट मागतो. जी बाजू कोणी मांडत नाही, तीही विचारात घ्यायला लावतो. अनेक हातांनी घडवलेल्या सामूहिक प्रदर्शनाची कसोटी हीच आहे. चांगला क्युरेटर या बाजू एकमेकींत मिसळून टाकत नाही. त्यांना शेजारी उभे करून पाहणाऱ्याला थांबवतो.

या व्यापारी गावात सर्वांत नवल वाटावे अशी बाब म्हणजे येथे कोणत्याही कलाकृतीवर किमतीची चिठ्ठी नसते. बिएनाले हा विक्रीचा मेळा नव्हे. शेकडो वर्षे भाव ठरवण्यात गेलेल्या वखारींत भावाविना मांडलेल्या वस्तू पाहताना व्यापारी वृत्तीच्या माणसाला सहजच प्रश्न पडतो : मग या मुलांचे भागते कसे? प्रश्न रास्त आहे. कला शिकू इच्छिणाऱ्या मुलाला किंवा मुलीला अनेक घरांत याच प्रश्नाने अडवले जाते. परंतु याच समाजाने एकेकाळी त्याचे उत्तरही दिले होते. पश्चिम भारतातील श्रावक-श्राविकांनी शास्त्रदान म्हणून कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या लिहवून घेतल्या. आधी ताडपत्र, मग कागद. त्यावर शाई, सोन्याचा वर्ख आणि परदेशातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा निळा रंग. त्या पोथ्याही एका अर्थी मिश्र माध्यमाच्याच कलाकृती होत्या. ज्यांनी त्या रंगवल्या त्यांतील बहुतेकांची नावे आज ठाऊक नाहीत. पण दात्यांनी हात दिला म्हणून भांडारांत ती कला टिकली. त्या काळी चित्रकाराच्या चरितार्थाची चिंता समाजाने पुण्यकार्य मानून वाहिली.

मार्चअखेर प्रदर्शन उतरते. कलाकृती खोक्यांत बंद होऊन परत जातात. ज्या नेता येत नाहीत त्या मोडल्या जातात. वखारी पुन्हा रित्या होतात. पुद्गल या शब्दाची फोड शास्त्रकार पूरण आणि गलन अशी करतात. जे भरते आणि गळते ते पुद्गल. मट्टनचेरीत ही व्याख्या ग्रंथाबाहेर पाहायला मिळते. एकदा मिरीने भरलेली वखार रिती झाली, मग चित्रांनी भरली, पुन्हा रिती झाली. गुजराती रोडवरील घरांतूनही नवी पिढी शिक्षण-व्यवसायासाठी दूर जाते आहे. कोचीच्याच एर्नाकुलम जिल्ह्यात पेरुंबावूरजवळचे कल्लिल हे शिलामंदिर एकेकाळी जैनांचे होते. आज तेथे भगवतीची पूजा होते. स्थाने बदलतात, माणसे बदलतात.

म्हणून कोचीच्या यात्रिकाने देवदर्शनानंतर एक तास राखून ठेवावा. शक्य असल्यास घरातील मुलांना सोबत न्यावे आणि त्यांनी एखाद्या कलाकृतीसमोर रेंगाळायचे ठरवले तर त्यांना घाई करू नये. परतीच्या वाटेवर बारा वाजत आले असतील, तर जिनालयाच्या आवारात पुन्हा थांबावे. कुणीतरी मूठभर दाणे घेऊन आलेले असेल. ती मूठ रोज रिती होते, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती पुन्हा भरते.