शेंडीवालीचं देणं

माघ लागला तेव्हा खुराड्यात चौतीस कोंबड्या होत्या. अंधार पडल्यावर एकेकीला हातात घेऊन मोजल्या. दिवसा मोजायला गेलं की एकच दोनदा मोजली जाते. त्यांतल्या नऊ ठेवायच्या आणि पंचवीस काढायच्या, हे नवऱ्याने आणि मी रात्री जेवताना ठरवलं. ठरवायला पाच मिनिटं लागली आणि करायला दीड महिना. त्या चौतिसांत एक कोंबडी माझी नव्हती, आणि ती कोणती हे मलाच ठरवायचं होतं.

चाकणजवळ मेदनकरवाडीत आमची दोन गुंठे जागा आहे. त्यात घर, मागे पत्र्याचं खुराडं, शेवग्याची दोन झाडं, अळूचा वाफा, गांडूळखताचे दोन हौद आणि यंदा नव्याने घेतलेली हजार लिटरची टाकी. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून त्या टाकीत घ्यायचं आहे. चाकणच्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघून बघून कंटाळले म्हणून हे काम काढलं. मी गाड्यांच्या वायर-हार्नेसच्या कारखान्यात लाइनवर आहे. पहिल्या पाळीची बस पावणेसहाला येते. म्हणजे कोंबड्यांचं दाणापाणी साडेचारला, अंधारात.

एक मोठी कोंबडी दिवसाला शंभर-एकशेवीस ग्रॅम खाते. चौतिसांचं रोजचं पावणेचार किलो धरा. परसातले किडे, भाजीचा पाला आणि उरलेला भात यांवर दहा-बारा कोंबड्या निघतात; पुढच्या सगळ्यांना मक्याचा भरडा आणि तांदळाची कणी विकत आणावी लागते. त्याहून मोठी अडचण विष्ठेची. कोंबडीचं खत उष्ण असतं. ते कुजवायला सवड मिळाली नाही, तसंच वांग्यांना घातलं आणि रोपं करपली. ताजं गांडुळांच्या हौदात घातलं तर गांडुळं मरतात. वर झाकण जरा सरकलं की कोंबड्या हौद उकरून उरलेली गांडुळं वेचतात. आठ-दहा पाखरांचं खत माझ्या वाफ्यांना पुरून उरतं. चौतिसांचं खत म्हणजे नुसता वास, माश्या आणि शेजाऱ्यांचे पडलेले चेहरे.

हे सगळं खरं असूनही हात चालेना. या कोंबड्या ज्यांच्यामुळे माझ्या दारात आल्या, त्या आजींबद्दल सांगितल्याशिवाय तो का चालेना हे सांगता येणार नाही.

लग्न होऊन 2005 साली मी परभणी जिल्ह्यातून इकडे आले. खराबवाडीत सोळा खोल्यांची पत्र्याची चाळ होती, तिच्यातल्या एका खोलीत आमचा संसार. चाळीच्या मालकीणबाई म्हणजे आजी. त्यांची निम्मी जमीन एमआयडीसीत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर मुलांनी खोल्या बांधलेल्या. भाडेकरू सगळे बाहेरचे: लातूर, वाशीम, बीड, थोडे बिहारकडचे. आजींना बहुतेकांची नावं ठाऊक नसत, पण कोण कोणत्या पाळीला आहे हे पक्कं माहीत असे. रात्रपाळीवाला झोपलेला असला की त्याच्या दारापुढून त्या कोंबड्या हाकत नेत, आवाज नको म्हणून.

चाळीमागे शहाबादी फरशीचं खुराडं होतं. गावरान वीस-पंचवीस कोंबड्या, त्यांतल्या बऱ्याच डोक्यावर पिसांची शेंडी असलेल्या. ती जात आजी सासरी आल्या तेव्हापासून त्या घरात होती म्हणे.

2008 च्या दिवाळीनंतर मंदी आली. वाहनकंपन्यांनी उत्पादन कमी केलं आणि पहिल्यांदा कंत्राटी मुलांना घरी बसवलं. माझा नवरा त्यांतलाच. चाळीतल्या सहा खोल्या रिकाम्या झाल्या, माणसं गावाला परतली. आम्हीही ट्रंक भरली होती. मुलगी दीड वर्षाची, अशक्त, पाय उशिरा टाकलेला. आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गावाला जाऊन काय खाशील पोरी? तिथं तरी पाऊस कुठं पडलाय? ऱ्हा हितंच. भाड्याचं मग बघू." चार महिने त्यांनी भाड्याचा शब्द काढला नाही. आणि रोज सकाळी मुलीसाठी एक अंडं. पदराच्या गाठीतून काढायच्या, उन्हाकडे धरून बघायच्या, मगच माझ्या हातावर ठेवायच्या. उन्हाकडे धरून न बघता त्यांनी अंडं दिलं असं कधीच झालं नाही.

पुढे नवऱ्याला काम मिळालं, चार महिन्यांचं भाडं आम्ही हप्त्यांनी फेडलं. आजींनी ते मोजून घेतलं. अंड्यांचे पैसे द्यायला गेले तेव्हा मात्र रागावल्या. तेवढ्या एकाच वेळी त्या माझ्यावर रागावल्या.

2013 मध्ये आम्ही स्वतःच्या जागेत आलो. निघताना आजींनी डालग्यात घालून एक शेंडीवाली दिली, खुडूक बसलेली, आणि कोंड्यात गुंडाळलेली अकरा अंडी. म्हणाल्या, "कोंबडी पैशानं देत न्हाई मी. पयल्या पिल्लांतली एक तलंग मला आणून दे." तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. सहा महिन्यांनी मी तलंग घेऊन गेले. आजींनी ती हातात घेतली, पोट चाचपलं आणि तिथल्या तिथे कोपऱ्यातल्या खोलीत नव्याने आलेल्या एका मुलीला देऊन टाकली.

मग 2016 चा मे महिना. तेव्हाही मी असंच एक काम काढलं होतं, बाथरूमचं पाणी केळीला वळवण्याचं. आजींनी निरोप धाडला होता की मानमोडी फिरतेय, लस टोचून घे. मी पुढच्या आठवड्यावर टाकलं. मानमोडी म्हणजे राणीखेत. हिरवट-पांढरी हगवण लागते, मान पिळवटते, पाखरू गोल गोल फिरून पडतं. चार दिवसांत माझ्या सतरांतल्या चौदा गेल्या. राहिले दोन कोंबडे आणि अंड्यावरून उठलेली एक म्हातारी कोंबडी. शेंडीवालीचा वंश माझ्या हलगर्जीपणाने बुडाला. आजींना सांगायची लाज वाटत होती. त्यांना कुठून तरी कळलं. पावसाळा लागल्यावर नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या आल्या, मांडीवर डालगं. आत दोन शेंडीवाल्या तलंगा, लस टोचलेल्या. या वेळी तलंग परत आण असं त्या म्हणाल्या नाहीत. चहा घेतला, खुराड्यात राख आणि कडुनिंबाचा पाला टाकायला सांगितला आणि गेल्या.

आज माझ्याकडे आहेत त्या सगळ्या गावरान या दोघींच्या. आजींना द्यायची तलंग मी मनात धरून ठेवली होती. पहिली पिल्लं मुंगसाने नेली, दुसऱ्या वेळी सगळे नर निघाले, तिसऱ्या वेळी माझी पाळी बदलली. आणि 2018 च्या आषाढात आजी गेल्या. तलंग माझ्याकडेच राहिली.

त्या मे महिन्यानंतर लस मी कधी चुकवली नाही. लशीची कुपी कमीत कमी शंभर पाखरांची येते. एकदा कालवली की ती बर्फात ठेवायची आणि दोनेक तासांत संपवायची. दहा कोंबड्यांसाठी कुपी फोडली तर बाकीची मातीत जाते. म्हणून आमच्या गल्लीतल्या आठ घरांनी दिवस बांधून घेतला. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांना लासोटाचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्याच्या सुमाराला आरटूबीची सुई पंखाखाली. आम्ही थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो आणि घरोघर फिरतो. कोणी पंख धरतं, कोणी वहीत मांडतं. परक्या गावच्या आम्ही बायका एकमेकींच्या घरात मोकळेपणाने शिरू लागलो त्या याच दिवसांमुळे. 2021 च्या जानेवारीत माझ्याच जिल्ह्यात, मुरुंब्याला, बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या, तेव्हा माहेरचे फोन येऊ लागले की सगळ्या कापून टाका. आम्ही आठ जणींनी बसून ठरवलं: पाखरं मोकळी सोडायची नाहीत, खुराड्यात जायची चप्पल वेगळी, एकही मेलं तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. एकही मेलं नाही.

आता यंदाचं. चौतिसांत नऊ कोंबडे होते, आठ गिरिराज आणि सतरा गावरान. नरांचा निर्णय सोपा होता. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, जास्त झाले की आपसात रक्त काढतात आणि माद्यांची पाठ सोलतात. एक ठेवून आठ चाकणच्या शनिवारच्या बाजारात नेले. पाय बांधून उलटे धरायचे नाहीत म्हणून दोन डालग्यांत. बाजारात बसून विकायला मला जड गेलं. घेणारा कापणार हे माहीत असतं. त्यांना मी वाढवलं होतं, आणि पैसेही मला हवे होते; टाकीच्या पन्हळी त्याच पैशांत आल्या.

गिरिराज मी खडकीच्या अंडी उबवणी केंद्रातून पिल्लं म्हणून आणले होते. अंडी गावरानपेक्षा पुष्कळ देतात, वजन धरतात, पण खुडूक बसत नाहीत. त्यांना स्वतःची पिल्लं काढता येत नाहीत, दर वेळी केंद्राकडे हात पसरावा लागतो. त्या आठही आळंदीकडच्या नणंदेला दिल्या. तिच्याकडे जाळीची शेड आहे आणि तिला अंडी विकायची आहेत.

राहिल्या सतरा गावरान. इथे दीड महिन्यातला महिना गेला. अंड्यांचा हिशोब लावला असता तर वेगळ्याच कोंबड्या राहिल्या असत्या. मी बघितलं कोण नीट बसते, कोण एकवीस दिवस अंडी सोडत नाही, कोण घार दिसताच पिल्लं पंखाखाली घेते. वर्षाला साठ-सत्तर अंडी देणारी पण इमानाने बसणारी माझ्या मते शंभर देणारीहून मोठी आहे, कारण खुराडं पुढे तीच चालवते. अशा आठ ठेवल्या. उरलेल्या नऊ लशीच्या वहीतल्या घरांत गेल्या. पैसे कोणाकडूनच घेतले नाहीत. शेवटची डालग्यात घालताना मुलगी शेजारी उभी होती, अठरा वर्षांची, नर्सिंगला जाणारी. ती म्हणाली, "आई, लहानपणी मी खाल्लेली अंडी हिच्याच कुळातली ना?" मला बोलता आलं नाही.

राहिलेल्या आठांतली एक आजींची. सगळ्यांत दाट शेंडीची, दोन वर्षांची, तीनदा बसून तिन्ही वेळा दहाच्या वर पिल्लं काढलेली. ती त्यांच्या घरी नेऊन द्यायची ठरवली होती. पण चाळ पाडून तिथे तीन मजली इमारत झाली आहे, नातसून वरच्या मजल्यावर राहते, खुराड्याच्या जागी गाड्या लागतात. आजींची लेक वाकीला असते, सत्तरीची. तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "गुडघे गेले बाई, कोंबडीमागं पळणार कोण? ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच." मग मीच म्हटलं की ती तुमचीच, फक्त राहायला माझ्याकडे. तिच्या पायात निळी कडी घातली आहे. तिची अंडी वेगळ्या परडीत ठेवते आणि दर शनिवारी वाकीला पोचवते.

आजींची लेक अंडं हातात घेते आणि दारात येऊन उन्हाकडे धरते. एकेक, पाचही. मग आत जाते, कारण पिशवी रिकामी परत द्यायची नसते. गेल्या शनिवारी तिने वाटाणा घातला होता, अर्धा किलो तरी असेल.