डब्यावरची चिठ्ठी

आमच्या घरी फडताळातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम वडिलांकडे होतं. चिठ्ठी वर लावली की पुसली जाते, म्हणून ती डब्याच्या आत ठेवावी, हा त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे डबा उघडून साखर दिसली, की मग 'साखर' असं वाचायला मिळे.

१९९८ साली मी आईच्या पाककृतींचं वेबपान केलं, तेव्हा माझ्या भाच्याने हाच सिद्धान्त लावला. पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी त्याने कोंबली. "मामा, ही शोधयंत्रांसाठी!" त्या काळी अल्टाव्हिस्टासारखी यंत्रं ती वाचत हे खरं. पण कुणी बघत नाही म्हटल्यावर माणसाची नीती ती किती टिकणार? मेथांब्याच्या यादीत त्याने 'क्रिकेट' आणि 'फुकट'ही घालून ठेवलं होतं. जगभरच्या भाच्यांनी हेच केलं. यंत्रांचा विश्वास उडाला, आणि सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीरच केलं, की पानांचा क्रम लावताना आम्ही ती यादी बघतच नाही.

उलट, २००७ साली ख्रिस मेसिना या गृहस्थांनी ट्विटरवर सुचवलेला हॅशटॅग! शब्दाआधी एक चिन्ह, तेही चारचौघांत. तो अजून ठणठणीत आहे. आतल्या सगळ्याच चिठ्ठ्या मेल्या असं नव्हे. पानाच्या वर्णनाची आतली ओळ गूगल अजूनही कधीकधी दाखवतं. म्हणजे तीही जगली ती दिसते म्हणूनच!

परवा सूनबाईने जुन्या यादीतले शब्द निवडून पानाखाली उघडे छापले: कैरी, गूळ, मेतकूट. चौथ्या दिवशी मावशीचा फोन. नातवाने तिला पान दाखवलं होतं.

"अरे गाढवा, मेथांब्यात मेतकूट? ताई असती तर लाटण्याने बडवला असता तुला! मेथी म्हण, मेथी. आणि ती लाल होऊ द्यायची नाही, हे कुठे लिहिलंयस?"

कुठेच लिहिलं नव्हतं. आई गेल्यापासून आमचा मेथांबा कडू का होतो, ते त्या दिवशी कळलं.

चुकीचा शब्द इतकी वर्षं आत सुखाने नांदत होता. बाहेर आला आणि चार दिवसांत पकडला गेला. मावशी आता शहाऐंशीची आहे. चिठ्ठी बाहेर लावायला याहून उशीर परवडला नसता.