सळीचा पीळ

"काका, तो आडवा रॉड काढूनच टाका."

गाडी रॅम्पवर घ्यायच्या आधीच त्यानं निर्णय सांगून टाकला. मुळशीकडचा पोरगा, रोपवाटिका चालवतो. इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, दुसऱ्या कुठल्या तरी गॅरेजातून दोन इंच उचलून घेतलेली. तक्रारी दोन होत्या. शेताकडच्या दगडी चढावर पुढचं एक चाक अधांतरी होऊन नुसतंच गरगरतं आणि गाडी जागची हलत नाही. शिवाय खड्ड्यातून गेलं की पुढून खडखड येते. दोन्हींचा दोष त्यानं एकाच वस्तूवर ठेवला होता. तिला कुणी स्वे बार म्हणतं, कुणी अँटी-रोल बार, कुणी स्टॅबिलायझर, आणि गॅरेजात बहुतेक जण नुसतं 'रॉड'.

ती सळी मी आजवर कितीतरी गाड्यांची काढली आणि बसवली आहे. एकदा स्वतःच्या गाडीची काढून बरेच दिवस बाजूलाही ठेवली होती. त्यामुळे हा प्रश्न आला की मी लगेच पान्हा उचलत नाही.

वस्तू अगदी साधी आहे. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पोलादी सळी. मधला भाग दोन रबरी बुशांमध्ये चासीला धरलेला, दोन्ही टोकं लिंक रॉडनं दोन्ही चाकांच्या खालच्या आर्मला जोडलेली. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर आली तर सळी बुशांमध्ये नुसती फिरते, काही करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की मात्र तिला पीळ बसतो, आणि तो पीळ सोडवण्यासाठी ती दोन्ही चाकांना पुन्हा एका पातळीवर आणू पाहते. वळणावर गाडी कलते तेव्हा हेच घडतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. चांगल्या स्प्रिंगच्या पोलादाचं मोठेपण उलट आहे, भार सरला की त्याचा पीळ संपूर्ण जातो. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना १९१९ साली या कल्पनेचं पेटंट मिळालं. शंभर वर्षांनंतरही रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत तीच सळी आहे. जाडीत थोडा फरक केला तरी ती फार बदलते, कारण तिचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो: २५ मिलिमीटरऐवजी २८ घ्या, ताठपणा दीडपटीहून जास्त होतो.

माझी गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. माझ्याकडेही उंच केलेली एक पिकअप होती. सह्याद्रीतल्या बैलगाडीच्या वाटांवर चाक उचललं जायचं, म्हणून मी पुढची सळी काढली. कच्च्या रस्त्यावर गाडी अशी मऊ झाली की मला वाटलं, कंपनीनं ही सळी उगाचच दिली होती. डांबरी रस्त्यावर ती जास्त कलायची, पण मी हळू चालवायचो. सवय झाली.

मग जूनचा पहिला पाऊस. ताम्हिणीतून खाली उतरत होतो, मागचा हौदा रिकामा, शेजारी मुलगा. वळणापलीकडे रस्त्यात म्हैस उभी. वेग फार नव्हता. मी उजवीकडे काढली आणि समोरून येणारी बस दिसताच पुन्हा डावीकडे घेतली. पहिलं वळण गाडीनं सोसलं. दुसऱ्या वेळी चाकं डावीकडे निघाली होती, पण वरचा देह अजून पहिल्याच कलात होता. तो उशिरा आणि एकदम दुसऱ्या बाजूला आला. मागची बाजू सुटली. आम्ही मागचं चाक गटारात घालून आडवे थांबलो. कुणाला खरचटलंही नाही. बराच वेळ मुलगा काही बोलला नाही, मग म्हणाला, "बाबा, गाडी मागून का गेली?"

सळी तर मी पुढची काढली होती. मग मागची बाजू का सुटावी? या प्रश्नानं मला बरेच महिने झोपू दिलं नाही. गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या एका गिऱ्हाइकानं शेवटी कागदावर रेघा मारून समजावलं. वळणावर आतल्या चाकांवरचं किती वजन बाहेरच्या चाकांवर जातं, हे गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर ठरवतात. सळी ते वजन जवळपास कमी करतच नाही. पुढच्या जोडीनं त्यातलं किती घ्यायचं आणि मागच्या जोडीनं किती, याची ती वाटणी करते. पुढची सळी काढली की पुढची जोडी आपला वाटा सोडते आणि तो मागच्या जोडीवर जाऊन पडतो. मागचं बाहेरचं टायर जास्त दाबलं जातं, आतलं हलकं होतं, आणि दोघांची मिळून पकड घटते. रिकाम्या हौद्याची पिकअप मागून आधीच हलकी असते. वर रस्ता ओला होता.

उंच केलेल्या गाडीत हे अधिकच बोचतं. समजा पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १,५७० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर. निम्मं अंतर भागिले उंची, म्हणजे १.१२. गाडी उचलून गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला की तोच आकडा १.०५ वर येतो. गाडी उलटण्याचा अंदाज याच आकड्यापासून सुरू होतो; तो जितका कमी, तितकी गाडी उलटायला सोपी. म्हणजे उंची वाढवल्यावर सळीची गरज वाढते, आणि नेमकं तेव्हाच माणसाला ती काढावीशी वाटते.

सळी सोडण्याला जागाच नाही, असं मी म्हणणार नाही. पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत, पायी चालण्याच्या वेगानं दगडांवरून जाताना, सळी सोडल्यावर चाक हातभर खाली जाऊन जमीन शोधतं; ते बघण्यासारखं असतं. अमेरिकेत रॅमच्या पॉवर वॅगन पिकअपमध्ये तर चालकासमोरच्या बटणानं पुढची सळी सुटते, आणि वेग वाढला की आपोआप पुन्हा जुळते. ते जुळणंच मला महत्त्वाचं वाटतं. व्ही-क्रॉसला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे चाकाची धाव आर्म, शॉकअप आणि अ‍ॅक्सलचे सांधे आधीच बांधून ठेवतात. पोराच्या समोर मी दोन्ही लिंक सोडल्या आणि एक चाक जॅकनं वर घेतलं. दुसऱ्या बाजूला मिळाली ती जास्तीची धाव दोन बोटांची. तो वाकून बघत राहिला.

"एवढंच?"

"एवढंच. चढावर टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवून बघ, याहून जास्त मिळेल. डांबरावर यायच्या आधी मात्र परत भर."

खडखडीचं कारण वेगळंच निघालं. गाडी उचलताना लिंक जुन्याच लांबीच्या ठेवल्या होत्या. आर्म खाली गेले, त्यांच्या मागोमाग सळीची टोकं खाली ओढली गेली, आणि तिरक्या झालेल्या लिंकच्या डाव्या सांध्यानं जागा सोडली होती. आपल्याकडे कित्येक गाड्यांची सळी अशीच जाते. खड्ड्यांनी लिंक खिळखिळी होते, आवाजाला कंटाळून मालक म्हणतो काढून टाका, आणि कुणीतरी काढतो. कुणी एकाच बाजूची लिंक सोडून देतो. त्यानं सळीचं काम तर संपतंच, वर मोकळं टोक ब्रेकच्या होजवर घासू शकतं. हे बघितलं की मला राग येतो.

कायद्याचंही त्याला सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. दोन इंच उचललेल्या गाडीबद्दल त्याला विमा कंपनीशी बोलावंच लागेल. त्यानं मान हलवली, पण त्याचे डोळे सळीवरच होते.

वाढीव लांबीच्या लिंक बसवल्या, चासीचे बुश नवे घातले. नट लगेच आवळले नाहीत. चाकं लटकत असताना रबरी बुश आवळला तर त्याला जन्मभराचा पीळ बसतो आणि तो लवकर फाटतो. म्हणून गाडी खाली घेतली, तिच्या वजनावर उभी केली, पुढून दोनतीनदा दाबून हलवली. मग पोराच्या हाती पान्हा दिला. तो गाडीखाली सरपटत गेला आणि डावीकडचा नट आधी आवळायला लागला.