करवंटी, धूळ आणि कार्बन ब्रश

आज पुन्हा करवंटीवर नक्षीकाम. हातातलं ड्रेमेल, म्हणजे कोरायचं फिरतं यंत्र, आकाराने लहान, म्हणून लोक त्याला खेळणं समजतात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. मिनिटाला ३५,००० फेऱ्यांपर्यंत जातं ते. कापायची पातळ चकती बाजूने जरा दाबली गेली की तुटते आणि तुकडे थेट चेहऱ्याकडे येतात. त्यामुळे आधी गॉगल, मग प्लग. सैल बाही, ओढणी, मोकळे केस, सुती हातमोजे यांतलं काहीही फिरत्या टोकाजवळ नको. तारेचा ब्रश तर १५,०००च्या वर न्यायचाच नाही. तारा सुटून अंगात घुसतात.

जोर लावायचा नाही, वेगाला काम करू द्यायचं. मोटरचा आवाज खाली उतरला की हात जड झाला समजावं. हे कानाला कळायला लागलं की रेषा फार सुंदर येते. करवंटीची धूळ पिठाहून बारीक, मास्क हवाच.

संध्याकाळी प्लग काढून मोटरचे कार्बन ब्रश पाहिले. दोन्ही बाजूंची टोपणं स्क्रूड्रायव्हरने उघडली, तसे स्प्रिंगसकट काळे तुकडे बाहेर आले. एक ३ मिलिमीटरच्याही खाली झिजलेला. असा ठेवला तर आतला कम्युटेटर खराब होतो. जोडीच बदलली, एकटा कधी बदलू नये. मग काही न कापता थोडा वेळ नुसतंच फिरू दिलं, म्हणजे नवे ब्रश नीट बसतात. हवेच्या फटींतली धूळ ब्लोअरने उडवली. टोक धरून ठेवणारं कोलेट उद्या साफ करेन.