झाकण कोणाच्या हाती?

वडीलधाऱ्यांसाठी टॅबलेट घ्यायचे ठरले की दुकानात चौकशी होते ती पडद्याच्या लांबीरुंदीची, बॅटरीची आणि किमतीची. त्याला कॅमेरा असावा की नसावा, हे कोणी विचारत नाही. तो असतोच, असे आपण गृहीत धरतो. आमच्या घरात मात्र याच एका मुद्द्यावर तीन आठवडे खल चालला, आणि तो चालवला ८७ वर्षांच्या माझ्या वडिलांनी.

आप्पांचे सारे आयुष्य भुसार मालात गेले. पेढी भवानी पेठेत होती तेव्हा ते दिवाणजी म्हणून लागले, आणि व्यापार गुलटेकडीला मार्केट यार्डात आला तसे तेही यार्डात आले. आमचे घरही इथलेच, गंगाधाम चौकापासून चालत दहा मिनिटांवर. निवृत्तीनंतरही कित्येक वर्षे त्यांची सकाळची फेरी गूळ-भुसार विभागातूनच होत असे. पुढे गुडघे गेले, ऐकू कमी येऊ लागले, मधुमेह होताच. फेरी आवारापुरती आणि मग गॅलरीपुरती उरली. गेल्या पावसाळ्यात ते न्हाणीघरात घसरले. हाड मोडले नाही, पण न्यू जर्सीतला माझा धाकटा भाऊ त्या दिवसापासून अस्वस्थ झाला. टॅबलेटची कल्पना त्याचीच. "हॉलमध्ये उभा करून ठेव, ताई. म्हणजे मला इथून केव्हाही डोकावता येईल."

हे कानावर गेले तेव्हा आप्पा म्हणाले, "गोदामाला कॅमेरा लावतात, कारण माल बोलत नाही. मला विचारलं तर मी सांगतो ना कसा आहे ते."

माझ्या मुलाने मधला मार्ग सुचवला: नुसत्या वाचनासाठी असते ते किंडलसारखे यंत्र घ्यावे. त्याचा पडदा कागदासारखा, डोळ्यांना सोपा, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि कॅमेरा नाहीच. आप्पा लगेच तयार झाले. भाऊ नाराज झाला. निर्णय माझ्यावर आला, कारण रोजची काळजी घेणारी मी.

कॅमेरा हे टॅबलेटचे उपजत अंग नाही, हे या निमित्ताने आठवले. २०१० साली आलेल्या पहिल्या आयपॅडला एकही कॅमेरा नव्हता. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत पुढे एक आणि मागे एक असे दोन आले. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी मोठ्या गाजावाजाने निघालेला स्वस्त 'आकाश' टॅबलेटही कॅमेऱ्याविनाच होता. वर्षभराने 'आकाश-२' आला, त्यात समोर एक साधा कॅमेरा बसवला होता. म्हणजे कॅमेऱ्याशिवाय टॅबलेट चालतो. प्रश्न एवढाच की आपल्या घरातल्या माणसाचे त्यावाचून अडते का.

पायाबाबत अडते, असे माझे मत झाले. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. तळव्याला खडा टोचला, चपलेचा पट्टा घासला तरी कळत नाही. म्हणून पाय रोज पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसह पाहावेत, असे डॉक्टर सांगतात. पण ज्याला गुडघा वाकवता येत नाही त्याने स्वतःचा तळवा पाहावा कसा? आरसा जमिनीवर ठेवून आम्ही काही दिवस प्रयत्न केला. आप्पांच्या अधू दृष्टीला त्यात काही दिसेना. टॅबलेटच्या मागच्या कॅमेऱ्याने तळव्याचा फोटो काढून तोच पडदा त्यांच्या पुढ्यात धरला, तेव्हा आपल्या पायाची टाच त्यांनी कित्येक वर्षांनी नीट पाहिली. "ही भेग केव्हाची?" त्यांनी विचारले. भेग जुनीच होती. तिच्याशेजारचा लालसर डाग मात्र नवा होता, आणि तो त्यांनीच प्रथम ओळखला.

यात नवल नव्हते. यार्डात माल ऐकून घेत नाहीत. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरून उजेडात धरायचे, एखादा दाताखाली फोडायचा, मग भावाचे बोलायचे. फोटो कसा काढावा, हेही मग आप्पांनीच मला शिकवले म्हणावे लागेल. पिवळ्या दिव्याखाली काढलेला पहिला फोटो त्यांनी नापास केला: "उजेडात घे. दिव्याखाली सगळीच तूर पिवळी दिसते." आता दर रविवारी सकाळी खिडकीशी, फ्लॅश न लावता, एकाच अंतरावरून फोटो निघतो. डागाशेजारी शिंप्याच्या टेपचा तुकडा ठेवते, म्हणजे मागच्या आठवड्यापेक्षा तो वाढला की आटला हे अंदाजाने नव्हे, मापाने कळते. पाय पाहायचा रोजच. रविवारचा फोटो केवळ तुलनेसाठी. डॉक्टरांनाही "जरा लाल दिसतंय" या माझ्या मोघम वाक्यापेक्षा दोन रविवारचे दोन फोटो अधिक उपयोगी पडले.

फोटोला मर्यादा आहेत, आणि त्या घरात सर्वांना ठाऊक असाव्यात. पाय गरम लागतो की गार, जखमेला वास येतो का, नाडी लागते का, यांतले काहीही फोटोत येत नाही. लाली पसरत असेल, पू किंवा काळपट रंग दिसत असेल, सोबत ताप असेल, तर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये. माणसाला घेऊन जावे. तोंड एका बाजूला वाकडे होणे, हात अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, ही तर अर्धांगवायूची लक्षणे. ती कॅमेऱ्यात दिसली तरी व्हिडिओवर चर्चा न करता १०८ ला फोन लावावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि तो काळ पाहता पाहता सरतो.

दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे आपल्या देशातले नियम २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आले. सल्ला व्हिडिओवरून, नुसत्या आवाजावरून किंवा लिखित संदेशावरून देता येतो. मात्र रुग्ण पहिल्यांदाच सल्ला घेत असेल तर औषधांची एक यादी अशी आहे की ती केवळ व्हिडिओवर पाहूनच लिहून देता येतात. कॅमेरा नसलेल्या घराला तेवढा दरवाजा बंद राहतो. आमच्या शेजारच्या काकूंना केंद्र सरकारचे कुटुंब निवृत्तिवेतन आहे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा म्हणजे बोटांचे ठसे जुळेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नसे. उतारवयात बोटांवरच्या रेषा पुसट होतात. यार्डातल्या जुन्या हमालांच्या बोटांवर तर पोती उचलून उचलून त्या राहिलेल्याच नसतात. नोव्हेंबर २०२१ पासून 'जीवन प्रमाण'मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. त्यासाठी निदान ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा लागतो. खुर्चीत बसून, डोळ्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करता येते. काकूंना याची गंमत वाटते, आप्पांना चीड.

राहिला समोरचा कॅमेरा, ज्यावरून सारा वाद. तो असावा, असे मला वाटण्याचे कारण भावाच्या कारणाहून वेगळे आहे. आप्पांना ऐकू कमी येते. फोनवर बोलताना ते "हो, हो" म्हणत राहतात, आणि भावाला वाटते की सारे कळले. समोर चेहरा मोठा दिसला की ओठांच्या हालचालींवरून ते अर्धे वाक्य पकडतात. मोबाइलच्या पडद्यावर हे जमत नाही, टॅबलेटवर जमते. एवढ्यासाठी कॅमेरा खरे तर न्यू जर्सीकडच्या बाजूला हवा, पुण्याच्या बाजूला नाही. पण आपण दिसत नसताना समोरच्याने आपल्याशी तोंड भरून बोलावे, अशी अपेक्षा किती दिवस करणार? नातवंडे तर समोर कोणी दिसले नाही की दोन मिनिटांत उठून जातात.

टॅबलेट मांडीवर ठेवला की पलीकडच्यांना नाकपुड्या आणि छताचा पंखा एवढेच दर्शन घडते. आम्ही तो पोथीच्या घडीच्या लाकडी स्टँडवर ठेवून, स्टँड टेबलावर डोळ्यांच्या पातळीत आणला. आणखी एक बारकावा घेताना पाहण्यासारखा आहे. बऱ्याच टॅबलेटांत समोरचा कॅमेरा अरुंद कडेवर असतो. यंत्र आडवे ठेवले की तो एका बाजूला जातो, आणि म्हातारे माणूस सतत दुसरीकडेच पाहत असल्यासारखे दिसते. काही नव्या टॅबलेटांत तो लांब कडेच्या मध्यावर असतो. २०२२ सालच्या दहाव्या पिढीतल्या आयपॅडमध्ये तो तसा हलवला गेला. मेगापिक्सेलपेक्षा मला हे अधिक महत्त्वाचे वाटते. मागचा कॅमेरा साधा असला तरी चालेल. काळजी घेणाऱ्याच्या मोबाइलमध्ये तो असतोच, आणि अर्धा किलोचे यंत्र थरथरत्या हाताने उचलून फोटो काढणे हे काही त्यांचे काम नव्हे. आप्पांचा क्रम याच्या नेमका उलटा: मागचा हवा, पुढचा नको. मागच्या कॅमेऱ्याचे ते भिंग करतात. औषधाच्या पट्टीवरची मुदतीची तारीख, पत्रिकेतला बारीक मजकूर, सारे त्याखाली मोठे होऊन दिसते.

पुढचा नको, यामागे त्यांची भीती निव्वळ हट्टाची नव्हती. 'डिजिटल अरेस्ट' नावाच्या फसवणुकीच्या बातम्या ते वर्तमानपत्रात बारकाईने वाचत होते. पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाने गुन्हा नोंदला आहे म्हणतो, कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, घरात कोणाला सांगायचे नाही असे बजावतो, आणि माणूस स्वतःच्या घरात तासन्‌तास ओलीस राहतो. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही यावर सावध केले होते. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. असा फोन आला तर तो बंद करावा, घरच्यांना सांगावे आणि पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० वर तक्रार नोंदवावी. आमच्या टॅबलेटच्या मागे हा क्रमांक मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे.

फसवणूक करणारा परका असतो. आपली माणसे प्रेमाने डोकावतात. पण ज्याच्याकडे पाहिले जाते त्याच्या दृष्टीने फरक किती? दुपारी धोतर सोडून, कवळी काढून पडलेल्या माणसाला मुलगा काय आणि नातसून काय, न सांगता समोर आलेले कोणीही नकोच असते. एका नातलगाने तळव्याचा फोटो काळजीपोटी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तेव्हा आप्पा दोन दिवस पाय दाखवेनात. तेव्हापासून ते फोटो माझ्याकडून फक्त डॉक्टरांना जातात.

शेवटी टॅबलेट कॅमेऱ्यासकटच आला. कॅमेऱ्यावर सरकते झाकण मी बसवून घेतले: प्लॅस्टिकची नखाएवढी पट्टी, बोटाने सरकवली की कॅमेरा मोकळा, परत सरकवली की बंद. कॅमेरा चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो (अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून ही सोय आहे, आयपॅडवर त्याआधीपासून), पण अधू डोळ्यांना त्या ठिपक्याचा काय उपयोग? झाकण चाचपून कळते. फोन आपोआप उचलला जाण्याची सोय बंद ठेवली. भावाने आधी दोन शब्दांचा निरोप पाठवायचा, आप्पांनी झाकण सरकवले तर व्हिडिओ, नाहीतर नुसता आवाज. पहिल्या आठवड्यात झाकण एकदाच उघडले. भाऊ माझ्यावर चिडला: "मग कॅमेरा असून उपयोग काय?" दुसऱ्या आठवड्यात आप्पांनी आपणहून दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि मला न विचारता त्याला फोन लावला.

रात्रीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. न्हाणीघराच्या वाटेवर एक कॅमेरा असावा, हे भावाचे म्हणणे अजून कायम आहे आणि मलाही ते सर्वस्वी चुकीचे म्हणवत नाही. आप्पा पुन्हा पडले तर रात्री त्यांना आधी उचलावे लागेल ते मलाच, आणि माझी खोली पलीकडच्या टोकाला आहे. आप्पांनी उशाशी बिनतारी घंटीचे बटण घेतले आहे, वाटेवर पायाच्या उंचीला दिवा लावू दिला आहे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवू दिली आहे. कॅमेऱ्याबद्दल त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत मागितली आहे.