आजीच्या मामाचा गाव

पुण्यातल्या कुटुंबवत्सल माणसाला मुलांना घेऊन दोन दिवस कुठे जावे असे विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. पावसाळ्यात लोणावळा, हिवाळ्यात कोकण, उन्हाळ्यात महाबळेश्वर. 'इंदापूरला जाऊन या' असे आजवर आम्हांला कोणीही सुचवलेले नाही. बारामती आणि इंदापूर ही नावे वर्तमानपत्रांत येतात ती ऊस, साखर कारखाने, पाण्याची आवर्तने आणि निवडणुका यांच्या संदर्भात. निसर्गाच्या सदरात त्यांची वर्णी लागत नाही. त्याला कारणही आहे. आपल्याकडे निसर्ग हिरवा असावा लागतो, शक्यतो चढउताराचा, आणि त्यातून एखादा धबधबा कोसळत असेल तर उत्तमच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा सपाट, पिवळा, वर्षातले सातआठ महिने धुळीने माखलेला मुलूख त्या व्याख्येत बसत नाही.

तरीही गेली काही वर्षे आमच्या घरातल्या दोन्ही मुलांच्या सुट्ट्यांचा मोठा हिस्सा याच दोन तालुक्यांत गेला. यात आमची रसिकता वगैरे काही नाही. जवळ आहे, गर्दी नसते, आणि मुलांच्या आजीला गाडीत फार वेळ बसवत नाही, एवढ्या तीन कारणांनी आम्ही प्रथम तिकडे वळलो. पुढे मात्र कारणे बदलत गेली.

सुरुवात सुप्यापासून झाली. मोरगावच्या गणपतीचे दर्शन घेऊन सुप्याच्या वाटेला लागले की मयूरेश्वर अभयारण्य लागते. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत लहान अभयारण्यांत त्याची गणना होते. वाघ-बिबट्याच्या अपेक्षेने आलेल्या धाकट्याने फाटकाशीच निराशा व्यक्त केली. 'यात जंगल कुठे आहे?' हा त्याचा प्रश्न रास्त होता, कारण डोळ्यांपुढे होते ते गवत. गुडघाभर, वाळलेले, सोन्याच्या आणि राखेच्या मधल्या रंगाचे. अर्ध्या तासाने त्या गवतातून चार चिंकारा उठल्या. उठल्या म्हणायचे ते अशासाठी की त्या आधीपासून तिथेच होत्या, आम्हांला दिसत नव्हत्या. चिंकाराला खरे तर हरीण म्हणू नये. हरणांची शिंगे दरवर्षी गळतात, हिची कायमची असतात. आणि पाण्यावाचून ती इतके दिवस काढू शकते की या मुलखासाठीच घडवल्यासारखी वाटते. सतत हलणारी काळी शेपूट हीच तिची खूण. त्या दिवसानंतर धाकट्याला गवतात काय दडले आहे याची चिंता लागली, आणि जंगलाची चौकशी बंद झाली.

या गवताला महसुली भाषेत पडीक म्हणतात. हा शब्द आपल्या मनात इतका खोल रुतला आहे की उजाड माळ दिसला की झाडे लावण्याची ऊर्मी सुशिक्षितांना आवरत नाही. वास्तविक माळ उजाड नसतो. धाविक, चंडोल, माळटिटवी, पखुर्डी हे पक्षी झाडीत राहूच शकत नाहीत. लांडगा आणि खोकड यांनाही मोकळे रानच लागते. पलीकडे सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचा माळढोक आपल्या डोळ्यांदेखत जवळजवळ नाहीसा झाला. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचे कुरण आणि बारामती तालुक्यातले शिर्सुफळ येथे अलीकडे वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, ही आम्हांला मोठी गोष्ट वाटते. ज्या जमिनीला सरकारदरबारी शतकभर निरुपयोगी मानले गेले ती पाहायला लोक पैसे मोजतात, याचा परिणाम निदान त्या शब्दावर तरी व्हावा. लांडगा आम्हांला तीन खेपांत एकदाच दिसला, तोही पाठमोरा. मेंढरांचा कळप घेऊन चाललेल्या धनगराला आम्ही उत्साहाने ते सांगितले, तेव्हा तो थंडपणे म्हणाला, "मला रोज दिसतोय की. तुम्हाला आज दिसला व्हय?"

बारामती शहराबद्दल फार लिहिण्याजोगे नाही, निदान मुलांच्या बाजूने. कवी मोरोपंत बाबूजी नाइकांच्या आश्रयाने इथे राहिले आणि १७९४ साली इथेच वारले, म्हणून कऱ्हेच्या काठी आम्ही त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. 'केका' म्हणजे मोराचा आवाज, म्हणून 'केकावली', हे आम्ही समजावून सांगत असताना थोरलीचे लक्ष उसाच्या रसाच्या गाड्यावर होते. असो. आर्येला दिवस वाईट आहेत.

भिगवणची गोष्ट निराळी. जानेवारीच्या एखाद्या शनिवारी पहाटे पुण्याहून निघावे, सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर जावे आणि सूर्य वर येण्याआधी कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठाला लागावे. पाण्यावर धुके असते. होडी हाकणारे बहुतेक सगळे मासेमार. पक्ष्यांची मराठी, इंग्रजी आणि स्थानिक अशी तिन्ही नावे त्यांना तोंडपाठ असतात. शेकाट्या, चित्रबलाक, पाणकावळे, नदी सुरय, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस यांच्या रांगेतून होडी सरकत जाते आणि मग दूरवर गुलाबी रेघ दिसते. रोहित पक्षी. मान खाली घालून, चोच उलटी बुडवून, चिखलपाणी गाळत चाललेले. त्यांचा रंग जन्मजात नसतो; पिले राखी असतात, आणि शेवाळ व बारीक कवचधारी जीव खाऊन खाऊन पिसे गुलाबी होत जातात. हे ऐकल्यावर थोरलीने विचारले की मग इथल्या पाण्यात एवढे शेवाळ कुठून येते?

या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच आहे. मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते, भीमेचे उजनीत येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, त्यातले पुष्कळसे नीट शुद्ध न होता, या जलाशयात येऊन साठते. त्याने पाणी माजते, जलपर्णी फोफावते, शेवाळ वाढते, आणि उथळ काठांवरच्या त्या समृद्ध चिखलात पक्ष्यांना खाद्य मिळते. आपण मोरीत जे सोडून देतो त्याच्याशी रोहितांच्या गुलाबी रंगाचा दूरचा संबंध आहे, हे मुलांना सांगताना आम्हांला संकोच वाटला, पण सांगितले. त्यांना ते भलतेच आवडले. पुढचे चार दिवस स्नानगृहातून आरोळ्या येत होत्या की रोहितांसाठी पाणी सोडले आहे. हेच पाणी काठावरची माणसे पितात, हा उत्तरार्ध सांगितल्यावर आरोळ्या थांबल्या.

पर्यटकांविषयी एक तक्रार नोंदवून पुढे जातो. थवा उडतानाचे छायाचित्र हवे म्हणून होडी थेट पक्ष्यांच्या अंगावर घालायला सांगणारे महाभाग दर खेपेला भेटतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला खाता खाता उगाच दहादा उठवायचे, आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणायचे. होडीवाल्याचे पोट त्या दिवसाच्या भाड्यावर असते, तो नाही म्हणू शकत नाही. आपण म्हणू शकतो. कुरुवांना शेव-गाठी टाकणाऱ्यांबद्दलही हेच.

आता मुख्य गोष्ट. आमच्या आईचे आजोळ पळसदेव. आत्ताचे महामार्गाजवळचे नव्हे, जुने, भीमेच्या काठचे. १९५२ सालचा तिचा जन्म. चवथीपासून अकरावीपर्यंतची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिने तिथे, मामाच्या घरी काढली. त्या काळी सुट्टी म्हणजे स्थळ निवडणे नव्हते. मामाचा गाव असे आणि तिथे जायचे असे, संपले. उन्हाळ्यात भीमेचे पात्र आटे, वाळूत कलिंगडे आणि डांगरे लावलेली असत, आणि पोरांना राखणीला बसवत. नदीच्या काठी पळसनाथाचे देऊळ होते, त्याच्या गार दगडी फरशीवर दुपारी झोपायला मिळे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. त्याआधीच्या वर्षांत पाणी चढत गेले तसे गाव उठले आणि देव नव्या गावातल्या नव्या देवळात गेला. जुने देऊळ पाण्याखाली राहिले. यशवंतसागर या नावाने आपण ज्याचे कौतुक करतो त्या जलाशयाखाली अशी अनेक गावे, शेते, विहिरी आणि मसणवटे आहेत.

म्हणजे नातवंडांची सुट्टी होते ती बरोबर आजीच्या सुट्टीच्या डोक्यावर. आईने हे कधी बोलून दाखवले नव्हते. पहिल्या दोन सहलींत ती होडीत बसलीच नाही. गुडघ्यांचे कारण सांगून काठावर चटई टाकून बसली. मुलांनी रोहितांची संख्या सांगितली की "छान" म्हणायची.

२०२३ चा पावसाळा कोरडा गेला. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा म्हणून धरलेला आहे, त्यामुळे पाणी त्याच्याही खाली गेले की आकडे उणे होतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उतरत उतरत जूनच्या सुमाराला उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेले, आणि पळसनाथाचे देऊळ पाण्यातून बाहेर आले. बातमी वाचून आईनेच फोन केला. सुट्टीसाठी कुठे जायचे हे तिने ठरवण्याची ती पहिली वेळ.

मे महिन्याच्या मध्यावर भर उन्हात आम्ही गेलो. भेगाळलेल्या गाळावरून चालत जावे लागते. शिंपले, जाळ्यांचे तुकडे, मेलेल्या माशांचा वास, आणि मध्येच उघडे पडलेले दगड. चार दशके पाण्यात राहून देऊळ बरेचसे शाबूत होते. शिखर उभे, आसपास वीरगळ आणि सतीशिळा. बरेच लोक आले होते. कोणी नारळ फोडत होते, कोणी छायाचित्रे काढत होते. आमचा समज होता की आईला भरून येईल, आणि मुलांनाही आम्ही तसे बजावून ठेवले होते. तसे काही झाले नाही. तिने चपला काढल्या, फरशीला हात लावला, आणि "तापली आहे" एवढेच म्हणाली. मग पाठ फिरवून ती देवळापासून पावले मोजत निघाली. कुठे वळायचे ते तिला ठाऊक होते. एका जागी थांबून तिने धाकट्याला सांगितले की इथे आड होता, आणि त्या बाजूला ओटा, आणि ओट्यावर तुझ्या पणजीचे जाते. तिथे गाळाशिवाय काहीही नव्हते. धाकट्याने पायाने उकरून पाहिले. थोरलीने विचारले, "आजी, तुला राग येत नाही?"

"कुणाचा?" आई म्हणाली. "मामाच्या नातवांचा ऊस याच पाण्यावर आहे. ज्यांची जमीन गेली आणि पाणीही आलं नाही, त्यांना विचार."

हे उत्तर आमच्या फार उपयोगी पडले असे नाही. धरण वाईट म्हणावे तर बारामती-इंदापूरचाच काय, सोलापूरचाही अर्धा संसार त्यावर उभा आहे. चांगले म्हणावे तर आपण ज्याच्यावर उभे आहोत तो आईच्या मामाचा ओटा.

आम्ही परतलो आणि आठवड्याभरात, २१ मे रोजी संध्याकाळी, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुले. बातमी मुलांनी आमच्याआधी पाहिली होती. आम्ही त्या पाण्यात होडी घेतो ती पक्षी पाहायला, जाकिटे चढवून, सकाळच्या निवांत वेळी. काठावरच्या लोकांना पलीकडच्या गावी जायला तोच रस्ता आहे, कारण एकेकाळी उन्हाळ्यात पायी ओलांडता येणारी नदी आता मैलोगणती रुंद झाली आहे. धाकट्याने जानेवारीत होडीत बसायचे की नाही ते आत्ताच सांगा असा हट्ट धरला. आम्ही बसायचे म्हणालो. आई काही बोलली नाही.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. ऑगस्टच्या सुरुवातीलाच उजनी शंभर टक्के भरल्याची बातमी आली. आईने पळसदेवला मामेभावाला फोन लावला. शेजारी बसलेल्या मुलांना एकाच बाजूचे संभाषण ऐकू येत होते.

"गेलं का देऊळ पाण्यात? ... पूर्ण? ... बरं झालं बाबा. ऊस वाचला तुमचा."