नकाशावरून पुसलेलं गाव

गावाचा नकाशा काढा म्हटलं, की माझ्या चौथीतली मुलं आधी काय काढतात? ओढा, देऊळ, शाळा नि आपलं घर!

चेक देशात प्रागजवळ लिदित्से नावाचं असंच छोटं गाव होतं. उथळ दरी, ओढा, चर्च, शाळा. कितीतरी पुरुष जवळच्या क्लाद्नोला खाणीत, पोलाद कारखान्यात कामाला जात.

१९४२ साली हायड्रिश या नाझी अधिकाऱ्याची हत्या झाली. गावाचा त्यात हात नव्हता. तरी सूड म्हणून १० जूनला १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या. बायकांना छळछावणीत धाडलं. ८२ मुलं मारली गेली. घरं जाळली, शाळा पाडली, ओढ्याचा प्रवाहसुद्धा वळवला. गावाची खूणच उरू नये म्हणून!

पण नाव उरलं. युद्धानंतर १४३ बायका आणि १७ मुलं परतली. जुन्या जागेशेजारी नवं लिदित्से वसलं. तिथल्या चित्रप्रदर्शनासाठी जगभरची मुलं चित्रं पाठवतात, आपल्या भारतातलीसुद्धा.

हे वर्गात सांगावं की नको, मला कळेना. शेवटी सांगितलं. सगळे गप्प. मग एक मुलगी उठली. फळ्यावर तिनं लिदित्सेचा ओढा काढला. पूर्वी होता, तिथंच.